सलामीतला राहिलेला बार

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग नेदरलँड्सला होतं, फेल्डहोवनला. पोस्टिंग म्हणजे मुलाच्या घरी. निखिल चिप बनवायच्या मशिनच्या कंपनीत, सून नोकरीला, आणि मला, रिटायर्ड सुभेदाराला, ड्यूटी एकच: नातीला शाळेत सोडणे आणि परत आणणे. ती वाटेत डचमध्ये ऑर्डर द्यायची, मी मराठीत ‘बरं’ म्हणायचो. खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. गुडघे दुखत होते आणि आभाळ रोज तेच करडं.

शेजारी यान राहायचा. सत्तरी ओलांडलेला, एकटा, तिथल्या जुन्या नेमबाजांच्या गिल्डचा, म्हणजे संघाचा, सभासद. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघांचंही तोडकंमोडकं. एका सकाळी त्याने मला गॅरेजमध्ये बोलावलं. टेबलावर थ्री-नॉट-थ्री रायफल होती. रिक्रूट असताना मी हिच्यावरच शिकलो. जुनी ओळखीची बाई परदेशात भेटावी तसं झालं.

“पीट गेला,” यान म्हणाला. पीट त्याचा गिल्डमधला जिवाभावाचा मित्र. “शनिवारी दफन. आम्ही सलामी देणार.”

सलामीची काडतुसं नुसत्या आवाजाची असतात, पण वाजायला तर हवीत. सरावात यानच्या रायफलने दगा दिला होता. काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनची स्प्रिंग म्हातारी झाली होती, पिनला जोर नव्हता. म्हणून त्याने बाहेरच्या कंपनीची, जास्त जोराची स्प्रिंग मागवून बसवली होती.

“आता चुकणार नाही,” तो म्हणाला.

“चालवून दाखव.”

या रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून बंद करणारा दांडा, पुढे ढकलताना हातानेच स्प्रिंग दाबावी लागते. यानने जोर लावला. त्याचा हात कापत होता. हँडल जवळजवळ खाली गेलं. जवळजवळ.

“यान, ही स्प्रिंग काढ.”

“का? जोर चांगला आहे.”

“म्हणूनच काढ.”

मग त्याला ज्ञानूचं सांगितलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

लान्स नायक ज्ञानू माझ्या प्लाटूनचा. वर बर्फातल्या चौकीवर असताना वारला. मी तेव्हा हवालदार, रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला होतो. बॉडी कोल्हापूरकडच्या त्याच्या गावी आली आणि सलामीची फायरिंग पार्टी माझ्याकडे दिली. सहा जवान, सेंटरमधल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री. मूळ स्प्रिंग्ज मिळत नव्हत्या, म्हणून हत्यारांच्या स्टोअरने काही रायफलींत बाजारातल्या बसवल्या होत्या. कडक. रेंजवर सगळ्या झकास वाजल्या.

सहांतला एक महादेव. ज्ञानूचा रिक्रूटीपासूनचा जोडीदार.

“भर! फायर!” पहिली फैर नीट झाली. दुसऱ्या फैरीला महादेवच्या रायफलमधून नुसतं ‘टक्’. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हातात बळ उरलं नव्हतं. कडक स्प्रिंगपुढे बोल्ट पुरता बसला नाही, हँडल किंचित वर राहिलं आणि पिनचा जोर तिथेच मेला. तिसरी फैर त्याने दात-ओठ खाऊन वाजवली.

नंतर ज्ञानूचे वडील जवळ आले.

“हवालदारसाहेब, मधी एक आवाज कमी आला.”

“हो बाबा. बंदूक अडली.”

“कुणाची?”

“महादेवची.”

त्यांनी महादेवकडे पाहिलं. “असू द्या. पोरगं रडत हुतं.”

त्यांनी सोडून दिलं. मला जमलं नाही. स्टोअरमध्ये जाऊन जी तोंडाची वाफ दवडली, त्याने काय होणार होतं?

यानने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “म्हणजे जोर पिनला हवा, हाताला झेपेल एवढाच.”

“कारखान्याने मोजून दिला होता तेवढा. माणूस रडत असला तरी जमेल एवढा.”

त्याने तिथूनच फोन फिरवले. नायमेखनच्या एका दुकानात कारखान्याची मूळ स्प्रिंग, न वापरलेली, मिळाली. निखिलने अर्धी सुट्टी टाकून आम्हाला गाडीने नेलं. स्प्रिंगसाठी सुट्टी, म्हणून वाटेत कुरकुरलाही. बसवल्यावर यानने बोल्ट पुन्हा पुन्हा चालवला. हात तसाच कापत होता, पण हँडल दर वेळी पूर्ण खाली जात होतं.

शनिवारी दफनभूमीत बारीक पाऊस होता. गिल्डवाले रांगेत, यान डावीकडून शेवटचा. मी झाडांच्या कुंपणापाशी सावधानमध्ये उभा राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली फैर झाली. दुसरीच्या वेळी मी यानकडेच बघत होतो. तो रडत होता. त्याने बोल्ट ढकलला.

बार झाला. रांगेत एकही आवाज कमी नाही.

पीटला मी ओळखतही नव्हतो. तो बार मी ज्ञानूच्या नावावर घेतला. महादेव मागेच आजारपणात गेला, म्हणून थोडा त्याच्याही. त्या वडिलांना कळवावंसं फार वाटलं की बाबा, फैर पुरी झाली. पण आता ते तरी कुठे आहेत?