जुन्या डब्यात नवी विंडोज

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात किस्से धुळीसारखे साचतात. कुठला पंखा उघडला की बाहेर पडतील, सांगता येत नाही! माझं दुकान भिवंडीत, निजामपुऱ्याच्या तोंडाशी. जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार म्हटल्यावर गावातले सगळे म्हातारे कॉम्प्युटर माझ्याकडे आले. बाकीचे किस्से मी हसत सांगतो. शेवटचा मात्र हसत सांगता येत नाही.

*

एक पॉवरलूमवाले चाचा रिक्षातून नुसता मॉनिटर मांडीवर घेऊन आले. "इसमें नया विंडोज डाल दो."

"चाचा, खालचा सीपीयूचा डबा कुठाय? विंडोज डब्यात असते."

चाचा भडकले. "बीस साल से इसी में देख रहा हूँ! डिब्बे में आज तक कुछ दिखा है क्या?"

*

एका शेठना पितृपक्षात नवीन काही घालायचं नव्हतं. "एवढी वर्षं चाललाय, पंधरा दिवसांनी काय होतंय!"

कॉम्प्युटरने नेमकी सर्वपित्री अमावास्येला मान टाकली. शेठनी त्याला हात जोडले. मग म्हणाले, "घरी सांगतो, याचंही पान वाढा!"

*

एका बाईंच्या मशीनवर नवी सिस्टीम चढत होती. स्क्रीनवर 'थोडाच वेळ' असं येत होतं आणि तीन तास होऊन गेले होते. मी ओशाळलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "बसते मी. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनला डॉक्टरही असंच म्हणत होते."

ते वाचले का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

*

आता बळीरामकाका. खारबावचे, भाजी पिकवणारे. काकी ती बाजारात विकायच्या, वर्षापूर्वी गेल्या. त्यांचे फोटो मुलाने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलेले, दुसरीकडे कुठेच नाहीत. मशीन ठेवताना काका एवढंच म्हणाले, "हिचे फोटो हायत त्यात. तेवढं सांबाल."

मी नेहमीच्या सवयीने आधी रिसायकल बिन, म्हणजे ती कचऱ्याची टोपली, रिकामी केली. मग सगळे फोल्डर कॉपी केले, डिस्क पुसली, नवी सिस्टीम टाकली. फोटोंचा फोल्डर भरलेला दिसला, उघडून काही पाहिला नाही.

काका न्यायला आले. माउस धरून बराच वेळ काहीतरी शोधत बसले.

"टोपली रिकामी कशी रं?"

"काका, ती कचऱ्याची असते."

"कचऱ्याची?" काकांनी माउस सोडला. "मी हिचे सगले फोटो तिच्यात ठेवले व्हते. एकेक उचलून, बाकीच्यांच्यातून येगले करून. हिकडंतिकडं पडू नये म्हनून."

मी मशीन परत ठेवून घेतलं. दोन दिवस रिकव्हरीची सॉफ्टवेअरं चालवली. एकही फोटो परत आला नाही. काका पुन्हा आले तेव्हा कुठल्या तोंडाने माफी मागणार? तरी मागितली. रडलो मी, खोटं कशाला सांगू!

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नको रडूं. ती बाजारातून रिकामी टोपली घेऊन आली, का लय खूस असायची. म्हनायची, 'आज सगला माल गेला!'"