थापीमावशीचा अंगठा

थापीमावशी गवंडीकाम करायची, आणि ते आपण किती झकास करतो हे चारचौघांत सांगितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. "माझी भिंत पाडायची तर मलाच बोलवावं लागेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. बोलणं फटकळ, आवाज खणखणीत, आणि माया कुठे दडवून ठेवली होती ते तिचं तिलाच माहीत. नवरा लवकर गेला. मागे राहिलेली एकुलती एक पोर पाच वर्षांची असल्यापासून आईच्या पाठोपाठ कामावर जायला लागली. आधी विटा हातात द्यायची, मग चुना कालवायची, पुढे डोक्यावर घमेलं आलं. एकोणीस वर्षांची झाली तरी लोक तिला 'थापीची पोर' म्हणत, आणि दर वेळी तिच्या कपाळाला आठी पडे. थापीमावशीला ती आठी कधी दिसली नाही.

दर पाच वर्षांनी शहराबाहेरच्या टेकडीवर चकवा बांधला जाई. चकवा म्हणजे दोन पुरुष उंच भिंती, चाळीस वळणं आणि मधोमध उंच खांबावर टांगलेली घंटा. देशोदेशीचे साहसवीर जमायचे. कुणाच्या पाठीवर स्वतःहून लांब तलवार, कुणाच्या खांद्यावर उर्मट बोलणारा कावळा. एकाने गळ्यात राक्षसाचा दात घातला होता. तो बैलाचा आहे हे थापीमावशीने लांबूनच ओळखलं. दिवस मावळायच्या आत जो घंटा वाजवील त्याला दूरदेशीच्या मोहिमेवर जाणाऱ्या दलात जागा मिळे. जो बाद होईल त्याला चकव्याचं दार जन्मात पुन्हा उघडत नसे. आणि जो चुकीच्या वळणाला लागेल तो खड्ड्यात जाई. खड्ड्यात एक आंधळं जनावर होतं, आणि त्यातून वर आलेलं माणूस थापीमावशीने आजवर एकच पाहिलं होतं.

भिंती पुऱ्या झाल्या की मांत्रिक त्यांच्यावर मंत्र टाकी. मग कुणाला वरून उडून जाता येत नसे, आणि बाहेरची हाक आत किंवा आतली बाहेर पोचत नसे. ऐकू यायची ती फक्त घंटा.

बांधताना गवंडीही आत चुकायचे. संध्याकाळी घरी जायची वाट सापडावी म्हणून थापीमावशी प्रत्येक बरोबर वळणावर दोन विटांमधल्या ओल्या चुन्यात अंगठा दाबून ठेवायची. पोर लहानपणी ते अंगठे बघत बघत पळत सुटायची.

मागच्या खेपेला गवंड्यांच्या खुणांचं गुपित कुणीतरी साहसवीरांना फोडलं होतं. म्हणून यंदा मुकादमाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "खुणा चुकीच्या वळणावर करायच्या. खुणा चोरून आलेला खड्ड्यात गेला पाहिजे. घरी अवाक्षर काढायचं नाही." थापीमावशीला हे मनापासून पटलं. लबाडीचा तिला भारी तिटकारा. तिने शब्द दिला आणि पाळला. पोर यंदा चकव्याच्या कामाला आली नव्हती, आणि आपल्या मनात काय आहे ते तिनेही घरी सांगितलं नव्हतं. दोघी एका ताटात जेवत होत्या आणि दोघींच्या तोंडाला कुलूप होतं.

स्पर्धेच्या सकाळी पोर म्हणाली, "आत्याकडे जाऊन येते." थापीमावशी चकव्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. घंटा वाजेपर्यंत स्पर्धकांनी तोंड झाकायचं अशी रीतच असल्याने कोण कोण आहे ते कळत नव्हतं. सतरा नंबरचा गडी पुढे आला. मान ताठ, खांदे जराही हलत नव्हते. डोक्यावर भरलेलं घमेलं असावं तशी चाल. थापीमावशीने ती चाल ओळखली. ती हाक मारणार तोवर दार बंद झालं होतं.

ती मुकादमाकडे धावली. "सतरा नंबर माझी पोर आहे. तिला बाहेर काढा. ती अंगठा बघून वळेल."

"म्हणजे लबाडी करेल."

"लहान आहे ती अजून."

"मावशी, आत एकवीस जण आहेत. बाकीच्यांना काय आया नाहीत? त्यांच्यासाठी तू अंगठे दाबलेस तेव्हा तुला त्या आया आठवल्या नाहीत."

नुसती लाज वाटली असती तर ती तिथेच बसून राहिली असती. पण भीती लाजेहून मोठी होती. पहिलं खोटं वळण अकरावं, पूर्वेच्या भिंतीला लागून; तिथे भोक पाडलं तरच हाक आत पोचणार होती. ती हातोडा आणि छिन्नी घेऊन टेकडीला वळसा घालून पळाली.

भिंत तिचीच होती, आणि पक्की होती. जन्मभर जिचा तोरा मिरवला तीच आता तिला दाद देईना. छिन्नी घसरली, बोटं सोलली. "पड, मेले, पड," म्हणत ती घाव घालत राहिली. चार विटा निघायला तिला युग लागलं. भोकात डोकं घालून ती ओरडली, "पोरी, उजवीकडे जाऊ नको. अंगठा खोटा आहे."

आत डावीकडच्या बोळातून पावलं धावत आली. तोंडावरचं फडकं खाली ओढत पोर समोर उभी राहिली. "आई? काय झालं? तुला काय झालं?"

"तू डावीकडे होतीस?"

"चार वळणं पुढे गेले होते. तुझी हाक ऐकून परत आले. मला वाटलं, तुझ्या जिवाला काही झालं."

"आणि अंगठा?"

"मी भिंतींकडे बघितलंच नाही. पाणी साचू नये म्हणून जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देतेस ना? मी चढ धरून मधल्या घंटेकडे चालले होते." ती थांबली. आईच्या हातांकडे आणि हातोड्याकडे बघितलं. "तुला वाटलं, मी चोरी करीन."

थापीमावशीला खोटं बोलायची सवय नव्हती. "हो," ती म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरच्या एका पहारेकऱ्याने थापीमावशीला मागून ओढलं आणि शिंग फुंकलं. आतल्याशी कुणी बाहेरचं बोललं की आतला बाद. सतरा नंबर बाद झाला होता, कायमचा.

"ये, या भोकातून बाहेर ये," थापीमावशी रडत म्हणाली. "माझं चुकलं. घरी चल."

पोरीने डोळे पुसले. भोकाकडे पाठ केली आणि डावीकडच्या बोळात चालू लागली. मान तशीच ताठ.

पहारेकऱ्याने थापीमावशीला तिथेच बसवून ठेवलं. ऊन डोक्यावर आलं. ती जमिनीचा चढ मनातल्या मनात चढत होती, एकेक वळण.

घंटा वाजली. त्या दिवसाची पहिली. दाराशी जमलेले लोक उठून टाळ्या वाजवू लागले, शिट्ट्या मारू लागले. मग दाराजवळच्या मनोऱ्यावरून पुकारा झाला, "घंटा सतरा नंबरने वाजवली आहे. सतरा नंबर बाद आहे. ही घंटा धरली जाणार नाही."

टाळ्या थांबल्या. टेकडीच्या या बाजूला थापीमावशी सोललेल्या हातांनी एकटीच टाळ्या वाजवत राहिली. शेवटी पहारेकऱ्याने तिचे हात धरले.