एकरी बारा किलो

जालन्यात मॅनेजर म्हणवून घेणारी माणसं पोत्यानं सापडतील. मोंढ्याच्या धान्यबाजारात आहेत, लोखंडाच्या कारखान्यांत आहेत, बियाण्याच्या दुकानांत तर दारागणिक एक आहे. पण शास्त्रीय त्रैमासिकाचा मॅनेजर अख्ख्या जिल्ह्यात एकच, तो म्हणजे धावडा गावचा बिभीषण. जुन्या मोंढ्याजवळ एका बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एका खोलीत जुने अंक आणि दुसऱ्या खोलीत बिभीषण, असा सगळा कारभार. 'कोरडवाहू शेती संशोधन' हे त्रैमासिक गेली एकोणीस वर्षं तिथून निघतंय आणि अजून तरी एकही अंक चुकलेला नाही.

संपादक काकासाहेब सर. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले, कडक, कमी बोलणारे. लेख कोणता घ्यायचा, कोणत्या दोन जाणकारांकडे तपासायला पाठवायचा, ते सर ठरवणार. बाकी सगळं बिभीषणाच्या गळ्यात. लेखकांकडून पानामागे शुल्क घ्यायचं, ग्रंथालयांना वर्गणीची आठवण द्यायची, कागदाचा भाव पाडून आणायचा, छापखान्यात उभं राहून फर्मे मोजायचे, टपालाचे गठ्ठे बांधायचे आणि मार्चअखेर हिशेब तपासनिसासमोर ताठ मानेनं बसायचं. बाप-आज्यानं मेंढरं राखली. संध्याकाळी वाड्यात घेताना एक जरी कमी भरलं तरी ते परत रानात जायचे. घरातला पहिला बी. कॉम. झालेला बिभीषण पावतीपुस्तकांच्या बाबतीत तसाच होता. एक पावती सापडली नाही तर त्याला जेवण जात नसे.

ह्या चिकटपणातूनच शेवटचं पान जन्माला आलं. फर्मा म्हणजे छपाईचा सोळा पानांचा ताव, अंक चार फर्म्यांचा. लेख त्रेसष्टाव्या पानावर संपायचे आणि चौसष्टावं कोरं जायचं. पैसे मोजलेला कागद कोरा जातो हे बिभीषणाला बघवेना. अंकातले लेख सगळे इंग्रजीत. त्यानं सरांना विचारलं की त्यातल्या एखाद्या लेखाचा सारांश मराठीत त्या पानावर टाकला तर? सर म्हणाले, टाका, पण पानाला क्रमांक द्यायचा नाही. विद्वानांच्या यादीत त्याची गणती नको.

बिनक्रमांकाच्या त्या पानानं चमत्कार केला. सात वर्षांत दोनशे अडुसष्ट शेतकरी वर्गणीदार झाले. ह्या मंडळींनी पुढची त्रेसष्ट पानं कधी उलटली असतील असं मला वाटत नाही. अंक टपालातून आला की मागून उघडायचा आणि मागेच मिटायचा. बिभीषणाच्या नावावर वावर किती, तर दीड एकर, तेही भावाबरोबर सामाईक. पण हे पान मात्र एकट्याचं होतं. ते त्यानं स्वतः लिहिलेलं असायचं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

अलीकडे त्या पानावर संक्रांत आली होती. त्रैमासिकाला शास्त्रीय नियतकालिकांच्या एका मोठ्या मान्यताप्राप्त यादीत जायचं होतं. तिथं गेलं की लेखक वाढतात, शुल्क वाढतं. संपादक मंडळातल्या काही सदस्यांचं म्हणणं होतं की शास्त्रीय अंकात असलं गावठी पान शोभत नाही, ते काढा. डिसेंबरच्या सभेत ह्याचा निकाल लागायचा होता.

आणि नेमकं सप्टेंबरच्या अंकात बिभीषण चुकला.

त्या अंकात करडईच्या पेरणीवर लेख होता. शास्त्रज्ञ लिहितात हेक्टरात आणि आपला शेतकरी बोलतो एकरात. म्हणून बिभीषणाची रीत अशी की आधी सगळा मजकूर उतरवायचा, मग हेक्टरी शब्द खोडून एकरी करायचा, मग आकड्याला अडीचनं भागायचं. त्या दिवशी तपासनिसाचं पत्र आलं, बिभीषण पावत्या शोधायला उठला, परत येऊन बसला आणि शब्द बदलला. आकडा राहिला. हेक्टरी बारा किलो बियाणं पानावर एकरी बारा किलो होऊन बसलं. पाच किलोंपेक्षा थोडं कमी लागतं तिथं बारा!

महिना सरत आला तेव्हा आष्टीहून रखमाजीचा फोन आला. रखमाजी पहिल्या वर्षापासूनचा वर्गणीदार, पन्नाशीचा, दोन एकरांत दर वर्षी काहीतरी नवं करून बघणारा. त्यानं पेरणी उरकली होती.

"मॅनेजरसायेब, बियानं लई लागलं हो," तो म्हणाला. "एकरी बारा बराबर हाय ना?"

बिभीषणानं अंक मागून उघडला. तिथं खरंच एकरी बारा छापलं होतं. त्यानं लगेच चूक कबूल केली आणि दोनदा माफी मागितली. रखमाजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, झालं ते झालं, तुम्ही कुठं मुद्दाम केलं. वर त्यानं धीरही दिला की ही गोष्ट तो कुणाला सांगणार नाही.

म्हणजे वाट मोकळी होती. मंडळातले सदस्य ते पान वाचतच नव्हते, सरही त्यावर फक्त नजर फिरवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडलं तर सभेत पान जाणार हे नक्की. मिटलं तर पान वाचेल, पण दोनशे सदुसष्ट जणांपैकी कोण बियाणं मोजून बसलाय, काय माहीत. करडईची पेरणी ऐन भरात यायला आठ-दहा दिवस होते. बिभीषणानं दिवसभर फोनला हात लावला नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या आईला कडूबाईला ताटावरच कळायचं. पहिल्याच भाकरीला हात थांबला तसं तिनं विचारलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

कडूबाईनं आयुष्याची तीस वर्षं मेंढरांमागं काढली होती. तिला हेक्टर कळत नव्हता, पण गोष्ट बरोबर कळली.

"आपली मेंढरं कुनाच्या वावरात शिरली तर तुझा बाप काय करायचा?" ती म्हणाली. "वावरवाला काठी घेऊन यायच्या आधी ह्यो त्याच्या दारात. इतकं इतकं खाल्लं, चूक आमची. मंग तो शिव्या देनार, देऊ दे. पर पुढच्या साली खतासाठी मेंढरं बसवायला आपल्यालाच बोलवायचा. जो लपला, त्याला शिवंवर बी कुनी उभं केलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ऑफिसला निघण्याआधीच बिभीषण त्यांच्या घरी जाऊन उभा राहिला. सरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. रागावले नाहीत, आणि बिभीषणाला तेच जास्त लागलं. म्हणाले, पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकू. बिभीषण म्हणाला, सर, पुढचा अंक डिसेंबरात, तोवर करडई गुडघ्याला लागेल. त्याला सगळ्यांना फोन करायचे होते. सरांनी परवानगी दिली, पण सभेत हा विषय निघणारच, तो मी दाबणार नाही, असंही सांगितलं. बिभीषण म्हणाला, सभेच्या विषयपत्रिकेत मीच लिहितो. आणि ऑफिसात आल्यावर त्यानं तो विषय स्वतःच्या हातानं टंकून ठेवला.

मग तीन दिवस फोन. एकेका नावापुढं खूण करत तो बसला. कुणी वैतागलं, कुणी घरची खुशाली सांगत बसलं. बहुतेकांची पेरणी व्हायची होती. वडीगोद्रीच्या एका म्हाताऱ्यानं तर त्याची चांगलीच जिरवली. "पान वाचतो आमी," तो म्हणाला, "पर अक्कल गहान न्हाई ठेवली. बारा वाचून हसलो अन् पाच घातलं." बिभीषणाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. दोनशे अडुसष्टांत फसला तो एकटा रखमाजी. कारण त्यानं पानावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि हे बिभीषणाच्या मनातून काही केल्या जाईना.

म्हणून उगवणीला पंधरा-वीस दिवस झाल्यावर एका रविवारी बिभीषण आणि कडूबाई सकाळच्या एसटीनं आष्टीला उतरले. रखमाजीनं त्यांना रानात नेलं. ओळींत केसागत दाट रोपं उभी होती. तो म्हणाला, विरळणी करायला आलोय. रखमाजी आणि त्याची बायको सगुणाबाई नको नको म्हणत राहिली. कडूबाई तोवर पदर खोचून ओळीत बसलीसुद्धा. वीतभर अंतरावर एक रोप ठेवायचं, मधली उपटायची. दोन एकर काही एका रविवारात होत नाहीत. पुढचे दोन रविवारही गेले, मजुरांचा एक दिवस बिभीषणानं स्वतःच्या पगारातून दिला. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी मात्र झकास झाली. सगुणाबाईनं लसणाची फोडणी दिली, भाकऱ्या थापल्या. बिभीषण लाजत जेवला आणि तीन भाकऱ्या जेवला.

शेवटच्या रविवारी सहा ओळी राहिल्या. बिभीषण त्यात बसायला गेला तसं रखमाजीनं त्याला हातानं थांबवलं.

"त्या तशाच राहू द्या," तो म्हणाला. "लोक म्हनत्यात दाट पेरलं का नुकसान. किती नुकसान, ते तरी बघू."

डिसेंबरची सभा व्हायची तशीच झाली. एक सदस्य म्हणाले, बघा, ह्याचसाठी म्हणत होतो. बिभीषणानं बचाव केला नाही. त्यानं फक्त आकडे ठेवले. ते पान फुकटच्या कागदावर छापलं जातं आणि त्यामुळं आलेल्या वर्गण्यांतून सगळ्या अंकांचं टपाल भागतं. ते फोन झाल्यापासून एकानंही वर्गणी बंद केली नव्हती, हेही त्यानं हळूच सांगितलं. पण हिशेबाचा मुद्दा वेगळा आणि प्रतिष्ठेचा वेगळा. शेवटी मार्चच्या अंकापर्यंत पान ठेवावं आणि पुढचं सरांनी ठरवावं, असं ठरलं. बिभीषणानं मनातल्या मनात पानाचा निरोप घेऊन टाकला.

मार्चमध्ये, तपासनिसाची धांदल चालू असताना, रखमाजी जिना चढून आला. हातात शाळेची वही, आणि हातांवर करडईच्या काट्यांचे ओरखडे. त्यानं विरळलेल्या सहा ओळी आणि न विरळलेल्या सहा ओळी वेगळ्या कापून, वेगळ्या बडवून तोलल्या होत्या. विरळलेल्या ओळींत चोवीस किलो, दाट ओळींत पंधरा. शेजारच्या, जुन्या अंकांच्या खोलीतून काकासाहेब सर बाहेर आले. त्यांनी वही घेतली आणि परीक्षेत विचारावं तसं विचारायला लागले. ओळींची लांबी सारखी होती का? जमीन एकाच पोताची का? रखमाजी उभ्याउभ्या उत्तरं देत होता.

"मंग बांधाकडच्या ओळी का नाही घेतल्या?" सरांनी विचारलं. तेही मूळचे ह्याच मातीचे, गुंतले की त्यांचीही भाषा घसरायची.

"तिथं बाभळीची सावली पडती, सर. तिथलं वजन खोटं आलं असतं."

सर खुर्ची ओढून खाली बसले. एम.एस्सी.च्या पोरांना हे वर्षभर सांगावं लागतं, असं ते बिभीषणाला म्हणाले आणि रखमाजीसाठी चहा सांगायला लावला. प्रयोग एकाच जागेचा, एकाच वर्षाचा, म्हणून लेख होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण नोंद होईल. बिभीषणानं ती नोंद लिहिली. पहिल्याच ओळीत स्वतःच्या चुकीची कबुली दिली, खाली रखमाजीचे आकडे दिले, आणि निरीक्षण करणाऱ्याचं नाव म्हणून रखमाजीचं पूर्ण नाव आणि आष्टी, तालुका परतूर.

आठवड्यानं छापखान्यातून तपासायची प्रत आली. ती सरांच्या हाताखालून येऊन बिभीषणाच्या टेबलावर पडली. तो सवयीनं मागून उघडून वाचायला लागला. मजकूर बरोबर होता, किलो बरोबर होते, एकर बरोबर होता. पण पानाच्या तळाशी '६४' असा क्रमांक पडला होता. सात वर्षांत त्या पानाला क्रमांक कधी नव्हता. अक्षरजुळाऱ्याची चूक, असं पुटपुटत बिभीषणानं लाल पेन काढलं आणि खोडायला वाकला.

आकड्याशेजारी पेन्सिलीत बारीक अक्षर होतं. सरांचं. 'हा राहू द्या. पुढंही.'

बिभीषणानं पेनाला टोपण लावलं. मग त्यानं आष्टीला फोन लावला, आणि पलीकडून रखमाजी 'बोला मॅनेजरसायेब' म्हणाला तसा त्याला पानाच्या तळाचा आकडा वाचून दाखवला, चौसष्ट.