बिनऔषधाची केळी

"बाई, श्वास सोडा! कोंडून काय ठेवलाय, घरी न्यायचाय का?"

बोळिंजच्या त्या जिममध्ये सकाळी येणाऱ्या प्रत्येक बाईला हे वाक्य ऐकावंच लागायचं. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता. खांदा आखडला म्हणून डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, तेव्हा कुठे तिथे पाऊल टाकलं. आणि हा ट्रेनर! तिशी नुकतीच ओलांडलेली, दंड माझ्या मांडीएवढे. माझ्या हातात ते गुलाबी, खेळण्यासारखं डंबेल द्यायचा आणि मी ते उचललं की "शाब्बास बाई!" असा ओरडायचा की सगळे वळून बघायचे. मला मेलीला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

त्याचं घर जवळच्या निर्मळ गावात. वाडीत केळी आणि सोनचाफा. स्कूटरच्या पुढ्यात केळी ठेवून यायचा आणि आम्हा बायकांना वाटायचा. "घ्या बाई, एकदम बिनऔषधाची. आई वाडीत फवारणी करूच देत नाय."

बिनऔषधाची! तो शब्द आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एकदा म्हणाला, "बाई, सध्या कोर्स चालू आहे. स्पर्धा आहे ना." मला वाटलं, पोरगा शिकतोय काहीतरी. मी कौतुकाने विचारलं, "वा! सर्टिफिकेट मिळेल का रे?" तो पोट धरून हसला. जिमच्या भाषेत कोर्स म्हणजे स्नायू फुगवायची स्टेरॉइडची इंजेक्शनं, हे मला फार उशिरा कळलं. आणि ती आणून कोण देत होतं? जिमचा मालक. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, रक्ताची तपासणी नाही. ट्रेनरच बारीक दिसला तर गिऱ्हाईक येणार कसं, हे त्याचं तत्त्वज्ञान. स्वतः मात्र ढेरी सांभाळत काउंटरमागे बसायचा.

केळीवर फवारा नको आणि पोटच्या पोराच्या रक्तात काय वाट्टेल ते चालतं! अर्थात आईला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

पुढे पुढे त्याचं तोंड लालबुंद दिसायला लागलं. मधेच कपाळ दाबून उभा राहायचा. मी म्हटलं, "अरे, बीपी तरी बघून घे." तर म्हणाला, "बाई, मी काय म्हातारा आहे का?" आणि दंड फुगवून दाखवला.

मग एका सकाळी माझ्या शेजारणीला श्वास सोडायला सांगता सांगता त्याचीच जीभ अडखळली. आम्हाला वाटलं, नक्कल करतोय. एकीने तर हसून टाळी दिली. तेवढ्यात उजव्या हातातली पाण्याची बाटली सुटली, तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि तो एवढा मोठा माणूस आमच्या डोळ्यांदेखत कलंडला. मालक म्हणाला, "डाएटमुळे चक्कर आलीय, साखरपाणी द्या." मी किंचाळले, "साखर गेली चुलीत! आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा!"

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं, इंजेक्शनं घेत होता का?"

त्याची आई ताठ मानेने म्हणाली, "नाय ओ. माझा पोरगा सुपारीसुद्धा खात नाय."

मालक शेजारीच उभा होता, मोबाइलात डोकं घालून. हा माणूस एक अक्षर बोलला नाही! शेवटी जिममधल्या दुसऱ्या ट्रेनरने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या इंजेक्शनांनी रक्त दाट होतं, बीपी चढतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. तशी गुठळी मेंदूत अडकलीय. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. आई ऐकत होती. तिने फक्त पदर तोंडात कोंबला.

जीव वाचला. हाताचं नंतर बघू, पण तोंडून एक शब्द येऊ दे, एवढंच ती माऊली मागत होती. मी निर्मळला जायला लागले. शब्द शिकवणं हेच तर माझं काम. महिने गेले. तो ओठ हलवायचा, घाम फुटायचा, आवाज यायचा, शब्द काही येत नव्हता.

एके दिवशी आईचा फोन आला. "बाई, बोलला! जिमचे मित्र आलेले, त्यांच्याकडे बघून बोलला. काढा मागतोय!"

तेव्हापासून त्या घरात गवती चहा, तुळस, आलं नुसतं उकळत होतं. तो पेला ढकलायचा, ती परत भरून आणायची.

मी गेले तेव्हा तो ओटीवर बसला होता. मला बघून ताकद लावून म्हणाला, "बाई... काढा."

"आणते रे बाबा," म्हणत आई आत वळली.

जन्मभर मी मुलांना नाम आणि क्रियापद वेगळं ओळखायला शिकवलं. आईला तो 'काढ' म्हणाला असता. मला, बाईंना, मान देऊन 'काढा' म्हणत होता. ते क्रियापद होतं हो! त्याचा डावा हात रस्त्यापलीकडे वळला होता. तिथे दोन खांबांना जिमचा बॅनर बांधलेला. त्याचाच फोटो, दंड फुगवलेला, आणि खाली लिहिलेलं: 'तुम्हीही असेच व्हा!'

त्याच्या दारासमोर! रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत!

मी तिथूनच मालकाला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, त्याच्या फोटोवर अ‍ॅडमिशनी होतात अजून. लोकांना कुठे माहितीय?" मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याने फोन ठेवला.

आई पेला घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पेला खाली ठेवला, भिंतीला टेकलेला केळीचा कोयता उचलला आणि सरळ रस्ता ओलांडला. एका बाजूच्या दोऱ्या तोडल्या, मग दुसऱ्या. बॅनर धुळीत पडला. तो ओटीवरून बघत होता, गालावरून पाणी ओघळत होतं.

आईने तिथेच बसकण मारली. फोटोतल्या त्याच्या तोंडावरची धूळ आधी पदराने पुसली आणि मग घडी घातली.