शर्ट नाई गेला आत

"सांगून टोचजा बाई, धोक्यानं नोको." सुई दिसली की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा आणि एवढं बजावायचा. पोंभुर्ण्याकडचा धिप्पाड गडी. चंद्रपूरच्या आमच्या लॅबमध्ये ठेकेदाराची माणसं दरवर्षी रक्त तपासायला यायची, त्यांत सगळ्यांत दांडगा हाच आणि सगळ्यांत भित्राही हाच.

"भाऊ, जंगलात राहता अन् सुईले भेता?" मी चिडवायचे.

"वाघ आला का वानरं बोंबलते, बाई. सुईच्या आधी कोन बोंबलते?"

अशा माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

काम मात्र त्याचं जोखमीचं. आपल्या हाडांचा एक्स-रे काढतात ना, तसा तो कारखान्यांत लोखंडी नळ्यांच्या जोडांचा फोटो काढायचा. त्यासाठी जड पेटीत किरणांची एक बारकी गोळी असते. अंगावर किती किरणं पडली ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या शर्टाला बिल्ला लावलेला. आता चंद्रपूरचा मे महिना, त्यात तापलेलं लोखंड. शर्ट कोण घालणार? सगळेच शर्ट खिळ्याला टांगायचे आणि बनियनवर काम करायचे. बिल्लाही शर्टासोबत खिळ्यालाच.

एक दिवस फोटोसाठी बाहेर काढलेली ती गोळी पेटीच्या नळीत अडकली, पेटीत परत येईना. बाकीचे मागे सरले. हा बनियनवरच आत धावला आणि हातानं नळी हलवून हलवून गोळी पेटीत ढकलली.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. आमच्याकडे मे महिन्यात उलटी म्हणजे ऊन लागलं, दुसरं काही नाहीच. बायकोनं कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. हात लाल झाला तर म्हणे गरम नळीचा चटका. दोन दिवसांत त्याला बरं वाटलं, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे ताप आला, तेव्हा रक्त माझ्याकडे आलं. पांढऱ्या पेशी पार खाली. आमचे डॉक्टर घाबरलेच. याला ताबडतोब नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवा, म्हणाले.

खर्च ठेकेदारानं द्यायचा होता. त्याचा साहेब बिल्ला घेऊन आला. "बिल्ला कोरा आहे. काही झालेलं नाही. खोटं बोलतोय हा, पैसे उकळायला."

"शर्ट नाई गेला आत, साहेब," तो म्हणाला. "मी गेलो."

साहेब हसला. असा संताप आला मला! पण माझ्या संतापाला कोण विचारतं?

डॉक्टरांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवायचं ठरवलं. बर्फात ठेवायचं नाही आणि ऊनही लागू द्यायचं नाही, असा निरोप आला. "माह्यापेक्षा माह्यं रक्तच नाजूक निघालं," तो म्हणाला.

तिथं काय पाहतात, ते मी त्याला समजावलं. पेशीत गुणसूत्रं असतात, प्रत्येकाला एक कंबर. किरणांनी ती तुटतात आणि चुकीची जोडली जातात, मग एकालाच दोन कंबरा होतात. अशी किती सापडली त्यावरून अंगावर किती किरणं पडली ते काढतात.

"म्हंजे माह्याच रक्तातले जोड तपासून राह्यले म्हना!" त्याला भारी गंमत वाटली. "पाहू दे. खराबच निघतीन."

अहवाल येईपर्यंत नागपूर नाही, यावर साहेब अडून बसला. तेवढ्यात आमच्या या गड्याचे केस गळाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

अहवाल आला. जोड खराबच निघाले होते. साहेबानं मुकाट्यानं गाडी सांगितली.

निघताना तो लॅबमध्ये आला, बायकोच्या खांद्यावर भार टाकून. हातात पेढ्यांचा पुडा. "घ्या बाई. खोटा नाई निघालो मी!" तोंड असं फुललेलं, जणू पोरगं पास झालं. डॉक्टरांना, झाडूवालीला, रांगेतल्या अनोळखी माणसांनाही त्यानं पेढा दिला.

नागपुरात त्यांनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. तो गेला. पुढच्या वर्षी ठेकेदाराची माणसं आली, तेव्हा मी आत जाऊन रडून घेतलं.

माझ्या डोळ्यांपुढून त्याची बायको जात नाही. तो रांगेत पेढे वाटत होता, तेव्हा ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे तं खुशीत आहेत. पन खोटे निघाले असते तं बरं होतं ना?"

मी होकाराची मान हलवली. तिनं पेढा पदराच्या टोकात बांधला आणि त्याला धरायला गेली.