रावसाहेबांचा पंखा आणि भद्रकालीचा मिस्त्री

रावसाहेबांच्या जुन्या अमेरिकन मोटारीत गरम हवेची पेटी होती. अख्ख्या नाशकात तशी दुसरी नाही, हे ते न विचारता सांगत. एका थंडीत पेटीतला पंखा कुरकुरून बंद पडला, आणि दुसऱ्याच पहाटे स्टेशनावरून एका गोऱ्या साहेबांना आणायचे होते. मी रावसाहेबांचा कारकून. जवळच्या भद्रकाली भागातून मिस्त्रीला मीच आणले.

त्याने आधी पंख्याच्या तारा सोडवून दिव्याला जोडल्या. दिवा लागला.

"वीज येतेय. पंखाच आजारी हाय."

पंखा उघडला, तर फिरत्या भागाला वीज पोचवणारे आतले कोळशाचे दोन तुकडे झिजून संपले होते. त्याने टॉर्चचा जुना सेल फोडला, त्यातली कोळशाची कांडी काढली आणि कानशीने घासू लागला. दोनदा घासायचे, एकदा बसवून बघायचे.

"मिस्त्री, मोटार अमेरिकन आहे," रावसाहेब म्हणाले.

"असू द्या. कोळशाला कुठं ठाऊक?"

संध्याकाळी पंखा फिरला. रावसाहेब खुलले. "उद्या साहेबांना सांगतो, मुंबईहून माणूस मागवला."

मिस्त्रीने पुसून ठेवलेला पेचकस पुन्हा उचलला आणि शांतपणे पहिला स्क्रू सैल केला. "मग हे काढून नेतो. मुंबईवाला बसवील त्याचं."

पहाटे साहेबांनी बसताच काच खाली केली; त्यांना ती थंडी आवडली होती. तरीही रावसाहेब बंगल्यापर्यंत पंख्याबद्दलच बोलत राहिले, आणि दर वेळी "आमच्या भद्रकालीचा मिस्त्री" म्हणत राहिले. ड्रायव्हरशेजारी कुडकुडत मी ताठ बसलो होतो.