अमावास्येची परवानगी

मंडळी, आमची भाची रेवती गोकर्णच्या समुद्रात सर्फिंग करते, म्हणजे फळीवर उभी राहून लाटांवर स्वार होते. मी तिला नेहमी चिडवतो, "अगं, अमावास्या-पौर्णिमेच्या पर्वकाळाशिवाय समुद्राला शिवू नये, असं शास्त्र आहे."

काल निघताना ती म्हणाली, "मामा, उद्या अमावास्या. आता तरी परवानगी?" मी दिली, थाटात, संस्कृतातून.

अमावास्येला भरती मोठी असते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

आज दुपारी ती धारवाडला आमच्या घरी परतली. जेवताना म्हणाली, "लाटेनं खाली दाबून ठेवलं. सगळा काळोख. वर कुठे, तेच कळेना. मग तोंडातून बुडबुडे सोडले. ते अंगाला घासत पायांकडे गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे वर पायांकडे होतं. उलटी फिरले, म्हणून इथे भात खातेय."

"आता बास कर गं."

"इरली मामा, राहू दे. श्वास कमी पडला, एवढंच. पौर्णिमेला परत जाणार."

आत्ता ती शेजारच्या खोलीत श्वास रोखायचा सराव करते आहे. आतून काहीच ऐकू येत नाही. मघापासून मी काहीतरी निमित्त काढून दार ढकलून पाहतो आहे.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर तुम्ही दाराबाहेर किती वेळ थांबता?